जुन्या हुबळीहून सात जण

दत्तूअण्णांच्या घरात सात माणसं होती. त्यातली सहा फक्त रविवारी दुपारी, रेडिओवर असायची.

एरवी आमच्या शेजारच्या खोलीत हे पन्नाशीचे गृहस्थ एकटेच राहायचे. दुर्गदबैलच्या बाजारातल्या एका दुकानात खिळे-बिजागऱ्या विकायचे, आणि दर सोमवारी धारवाडच्या जाहिरातवाल्या रेडिओ केंद्राला फर्माईशीचं पोस्टकार्ड टाकायचे. खाली नावं : दत्तूअण्णा, सुमन, अप्पा, अक्का, रवी, शोभा आणि बेबी.

"अण्णा, एवढं गोकुळ कुठं दडवलंय?" मी एकदा छेडलं.

"एका नावाचं कार्ड कोण वाचतंय हो? 'आणि इतर श्रोते' म्हणून गठ्ठ्यात जातंय. सात नावं असली की वाचणाऱ्यालाही बरं वाटतंय बघा."

मुद्दा बिनतोड होता. साड्यांच्या दुकानाची जाहिरात संपली की कार्ड वाचलं जायचं. अण्णा ट्रान्झिस्टर घेऊन आमच्या कट्ट्यावर बसायचे आणि एकेका नावाला एकेक बोट मिटायचे.

हळूहळू ही मंडळी गल्लीतही वावरायला लागली. सहलीला येणार का विचारलं, तर "घरच्यांना विचारून सांगतो." शोभाचं लग्न ठरलं तेव्हा तिचं नाव कार्डातून गेलं, त्या जागी रवीची बायको आली. त्या आठवड्यात अण्णा नीट जेवले नाहीत. आम्ही पोट धरून हसलो. मी जरा जास्तच.

एकदा गाण्याचं नाव लांबलचक निघालं, कार्डावर जागा पुरेना, म्हणून सुमनचं नाव राहिलं. पुढच्याही रविवारी तसंच झालं. तिसऱ्या आठवड्यात अळणावरकडची एक म्हातारी पत्ता विचारत विचारत कट्ट्यापर्यंत आली. हातात गुळाची पुडी.

"दोन ऐतवार सुमनअक्काचं नाव न्हाई आलं. म्हटलं, बरं हाय न्हवं? बाजाराला आलतो, बघून जावं."

अण्णांचा चेहरा पार उतरला. "माहेरी गेलीय," एवढंच म्हणाले. म्हातारीनं सुमनसाठी गूळ ठेवला. तो अण्णांनी कुणाला दिला नाही, स्वतःही खाल्ला नाही. मुंग्या लागेपर्यंत कोनाड्यात होता. सुमन मात्र कार्डावरून परत कधी सुटली नाही.

मग नवं शतक आलं आणि कार्डं बंद झाली. आता फर्माईश फोनवरून, तीही थेट प्रक्षेपणात. अण्णांकडे फोन नव्हता, म्हणून ते आमच्याकडे आले. ट्रान्झिस्टर शेजारी ठेवून तासभर नंबर फिरवल्यावर लागला.

पलीकडचा निवेदक कानडीत बोलत होता आणि भलताच खूश झाला होता. "दत्तूअण्णा? जुन्या हुबळीचे? किती वर्षं तुमची नावं वाचली मी. सुमनअक्कांना द्या की फोन, आज त्यांची पसंती विचारू."

अण्णांनी रिसीव्हर कानापासून लांब धरला. इतकी वर्षं ज्यांनी ती सात नावं ऐकली, ते सगळे आता ऐकत असणार. अळणावरची म्हातारीसुद्धा. मला माझ्या इतक्या वर्षांच्या थट्टेची लाज वाटली. काय करावं ते मात्र सुचेना.

आमची ही भाकरी थापत होती. तशीच पिठाच्या हातानं आली आणि अण्णांकडून रिसीव्हर घेतला.

"नमस्कार री," ती कानडीत म्हणाली, "मी सुमन बोलतेय."

निवेदकानं तब्येत विचारली, मुलांची चौकशी केली. हिनं सगळ्यांची खुशाली सांगितली, शोभाच्या सासरचीसुद्धा. मग एक जुनं भावगीत सांगितलं आणि फोन ठेवला.

गाणं संपेपर्यंत अण्णांनी कुणाकडे पाहिलं नाही. मग उठले. दारात चपला घालता घालता हिला म्हणाले, "बरोबर सांगितलंत वहिनी. तिला जुनीच गाणी आवडतात."