डाव्या बाजूचं जहाज

आमच्या जहाजाला फक्त डावी बाजू होती, आणि तरीही ते शुक्रवारी सकाळी प्रवासी घेऊन मालवणला गेलं.

उजवी बाजू न बांधण्यात कुणाचा आळस नव्हता. लढाईचे दिवस होते. लाकूड मिळत नव्हतं, खिळे मिळत नव्हते, आणि कच्ची फिल्म सरकार हात आखडून देत होतं. आमचे दिग्दर्शक नाडगौडा यांनी माहीमच्या खाडीलगत, स्टुडिओच्या मोकळ्या जागेत ‘एस. एस. मंदाकिनी’ ही बोट उभी केली ती बांबू, तरट आणि काळा रंग यांतून, आणि कॅमेऱ्याला दिसेल तेवढीच. कॅमेरा डावीकडे असायचा. उजवीकडे स्टुडिओची भिंत होती. जे दिसणार नाही ते बांधायचं नाही, हा आमच्या धंद्यातला साधा नियम आहे. आम्ही राजवाडे बांधतो तेही समोरूनच, आणि त्यांत राहणाऱ्या राजांनी आजवर तक्रार केलेली नाही.

चित्रपटाचं नाव होतं ‘अंधारी बोट’. बोटीवर शत्रूचा हेर, बोटीवर त्याचा खून, आणि सगळीकडे काळोख. काळोख नाडगौडांना मनापासून आवडायचा. शिवाय आमच्याकडे कंदील एकच होता. संवाद माझे होते. ते चांगले होते हे मीच सांगतो, कारण दुसऱ्या कुणी अजून सांगितलेलं नाही. एक नट वाचावा म्हणून हेराचं कामही माझ्याच गळ्यात मारलं होतं.

त्या सुमारास कोकणात जाणाऱ्या बोटी लष्कराने घेतल्या होत्या, आणि गावी कसं जायचं या विवंचनेत चाकरमानी होते. त्यांच्यापैकी कुणीतरी रस्त्यावरून आमची बोट पाहिली असावी. शुक्रवारी सकाळी शूटिंगला पोचतो तो काय, पत्र्याच्या ट्रंका आणि वळकट्या घेऊन मंडळी डेकवर ऐसपैस बसलेली.

“मालवणाक कधी सुटतली?” एका गृहस्थाने कॅप्टनला विचारलं.

कॅप्टन म्हणजे नट अनंतराव मणेरीकर. त्यांनी उभं आयुष्य संगीत नाटकांत राजाचं काम केलेलं. त्यांना कुणालाही नाही म्हणता येत नसे. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. मणेरीकरांकडे दोघी बहिणी गुण्यागोविंदाने नांदत होत्या. त्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली आणि म्हणाले, “आत्ताच.” मग त्यांनी आपल्या भरदार आवाजात “नांगर उचला!” अशी आज्ञा सोडली. त्या आवाजातली आज्ञा मोडायची कुणाची छाती नव्हती. नांगर पुठ्ठ्याचा होता. तो उचलला गेला आणि बोट निघाली.

समुद्रात ती व्यवस्थित चालली. अर्ध्या बोटीत पाणी शिरायला जागाही अर्धीच असते. धूर ओल्या गवताचा होता, पण तो भरपूर होता. प्रवाशांना फक्त उजवीकडे बसायची मनाई होती, कारण उजवीकडे काही नव्हतं. दक्षिणेला जाताना किनारा डाव्या हाताला राहतो, त्यामुळे किनाऱ्यावरच्या लोकांना आमची नेमकी तीच बाजू दिसत होती जी आमच्याकडे होती. ते हात हलवत होते. आम्हीही हलवले.

नाडगौडांनी वेळ फुकट घालवला नाही. भर दुपारी, तळाच्या कोठारात तरटं सोडून, त्या एका कंदिलावर माझा खून झाला. कॅप्टनने गोळी झाडली, मी कोळशाच्या पोत्यावर कोसळलो, कंदील हेलकावला, आणि मी मेल्यावर क्षणभराने माझी सावली मेली. शॉट संपला. नाडगौडांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले.

“पंत,” ते मला म्हणाले, “हा शॉट मी जन्मभर शोधत होतो.”

मला फार आनंद झाला. जिवंतपणी माझं एवढं कौतुक कधी झालं नव्हतं.

शनिवारी मालवण आलं. प्रवासी लहान पडावांत उतरून आपापल्या घरी गेले. आम्ही परत निघणार तोच तिथले बंदर अधिकारी कुबल तपासणीला आले. सडपातळ, शांत, इस्त्रीचा कोट घातलेला माणूस. बोटीकडे समोरून पाहून त्यांनी मान डोलावली, मग पडावातून तिला वळसा घातला आणि पुन्हा समोर आले.

“बोट आली हे मला मान्य आहे,” ते म्हणाले. “मी स्वतः पाहिली. पण मुंबईला जाताना किनारा तुमच्या उजव्या हाताला येणार. तुमची उजवी बाजू कुठे आहे?”

“नाही,” नाडगौडा म्हणाले.

“मग किनाऱ्यावरून पाहणाऱ्याला काय दिसेल?”

“समुद्र.”

“म्हणजे मी समुद्राला सुटायची परवानगी द्यायची? तो अधिकार मला नाही.”

माणूस वाईट नव्हता. त्याने आम्हाला सोलकढी पाजली, जेवू घातलं, नियमांत काही वाट सापडते का ते बघतो म्हणाला. त्याचं एवढंच चुकत होतं, की त्याचं बरोबर होतं.

बोटीसाठी धक्क्यावर एकच प्रवासी होता. भामाबाय हडकर, जत्रांमधून खाजं विकणारी बाई. कमरेला पदर खोचलेला, हातात पुरचुंडी. बोट सुटत नाही म्हटल्यावर ती तडक नाडगौडांपुढे येऊन उभी राहिली.

“माझो झील बाबली उद्या सांजेक मुंबैसून लढायेक जाता,” ती म्हणाली. “घरात्सून भांडान गेलो. मी रागान तेका सांगितलंय, जातंस तर परत येव नको. आवशीन असा बोलूचा नसता. तो बोटीर चडच्या आदी माका ता मागे घेवचा आसा.”

“बाई, परवानगी नाही,” नाडगौडा म्हणाले.

“अर्धी बोट घेवन येवक लाज वाटाक नाय?”

लाज वाटली. मला तरी फार वाटली. रविवारी कुबल दिवसभर नियम चाळत बसले आणि भामाबाय धक्क्यावर बसून राहिली. संध्याकाळी मुंबईहून तिच्या मुलाची, बाबलीची बोट सुटली असणार, हे आम्हा सगळ्यांना कळलं. सोमवारीही ती तिथेच होती. ती रडली नाही. तिने आम्हाला आळीपाळीने शिव्या दिल्या, आणि मग शिव्या देणंही थांबवलं. ते जास्त वाईट होतं.

मंगळवारी कुबल हसत आले.

“उलटे जा,” ते म्हणाले. “तोंड दक्षिणेलाच ठेवायचं आणि मागे मागे जायचं. किनाऱ्याला डावी बाजूच दिसेल. बोटीने मागे जाऊ नये असा नियम नाही.”

कॅप्टन खूश झाले. नाडगौडा मात्र फिल्मच्या डब्यांवर बसले होते ते उठले नाहीत.

“अनंतराव,” ते सावकाश म्हणाले, “रीळ उलटं फिरवलं की ते शेवटाला पोचत नाही. आरंभाला पोचतं. आपण उलटे गेलो तर शुक्रवारी सकाळी पोचू.”

“रयवाराच्या आदी?” भामाबायने विचारलं. ती कधी उठून आली ते कळलंच नाही.

“आधी,” नाडगौडा म्हणाले.

“मग माझा खून?” मी विचारलं.

“तो वाटेत झालाय, पंत. तो राहणार नाही.”

“डबे मोटारीने कोल्हापूरवरून पाठवू,” कॅप्टन म्हणाले. “बोट जाऊ दे उलटी.”

“खून बोटीवर झालाय. बोट उलटी गेली की तो झालेलाच नसेल, डबे काशीला नेऊन ठेवले तरी.” नाडगौडा डब्यावरून हात फिरवत राहिले. मग त्यांनी भामाबायला विचारलं, “त्या पुरचुंडीत काय आहे?”

“खाजा. बाबलीक आवडता.”

तिने त्यांच्या हातावर एक तुकडा ठेवला. आल्या-गुळाचा तो तुकडा त्यांनी शांतपणे चावून खाल्ला, आणि उठले.

“चढा, बाई.”

मी रागावलो होतो, हे लपवत नाही. शॉट त्यांचा होता, पण मरण माझं होतं. तरी भामाबायला हात देऊन वर मीच घेतलं.

प्रवास उलटा, पण सुखाचा झाला. गवतात धूर परत जात होता. भामाबायने सगळ्यांना खाजं दिलं; जसजसं खात गेलो तसतशी भूक वाढत गेली आणि पुरचुंडी जड होत गेली. दुपारी ठरल्या ठिकाणी मी कोठारात जाऊन कोळशाच्या पोत्यावर पडलो. आधी माझी सावली उठली, मग मी. गोळी माझ्या छातीतून निघून पिस्तुलात गेली, कॅप्टनने पिस्तूल खिशात घातलं, आणि आम्ही एकमेकांचे मित्र झालो. नाडगौडा कॅमेऱ्यामागे उभे होते. त्यांनी या वेळीही डोळे पुसले.

शुक्रवारी सकाळी बोट भिंतीला टेकली. ट्रंका आणि वळकट्या घेऊन मंडळी हजर होती. कॅप्टनने सवयीने सगळ्यांना नावानिशी नमस्कार केला, तेव्हा त्यांना थोडं नवल वाटलं. भामाबाय त्या वेळी मालवणलाही असणार होती, पण दोन ठिकाणी असण्याविरुद्ध नियम नव्हता.

“मालवणाक कधी सुटतली?” त्या गृहस्थाने विचारलं.

“आत्ताच,” कॅप्टन म्हणाले.

नाडगौडाही पुन्हा गेले. मी राहिलो, कारण भामाबायला मुंबईचे रस्ते ठाऊक नव्हते. माझ्या जागी कपडेपटातल्या माणसाला मारलं. चित्रपट पुढे लागला, लोकांना आवडलाही. मी दोनदा पाहिला. तो माणूस आणि त्याची सावली एकदमच मरतात. नाडगौडा थिएटरात शेजारी बसले होते. त्या जागेला त्यांनी माझा हात दाबला. दुसऱ्या खेपेला बोट मालवणलाच सोडून सगळे कोल्हापूरवरून मोटारीने आले. तिकडे धक्क्यावर भामाबाय बसलेली होतीच. कॅप्टनने तिला सांगितलं, “तुम्ही मुंबईला वेळेत पोचलात, काळजी करू नका.” ती पुरचुंडी घेऊन घरी गेली म्हणतात.

इकडे मुंबईत, त्याच रविवारी मी आमच्या भामाबायला गोदीवर घेऊन गेलो. बाबली सापडला. मोठ्या मापाचा गणवेश, त्यात तो हरवल्यासारखा. तिने आधी त्याला बारीक झाल्याबद्दल फैलावर घेतलं. मग पदर पुन्हा कमरेला खोचला.

“मी बोललंय ता मागे घेतलंय,” ती म्हणाली.

“काय बोललंस? माका आठवणा नाय,” तो म्हणाला. त्याला आठवत होतं, हे मलाही दिसलं.

“आठवणा नाय तर बरा,” असं म्हणून तिने पुरचुंडी त्याच्या हातात कोंबली. भोंगा वाजला आणि तो शिडी चढून गेला.

ती बोटीकडे बघत राहिली. बोट राखाडी, अवाढव्य, आणि आमच्या बाजूने पुरी दिसत होती.

“हिका उजवी बाजू आसा मां?” तिने विचारलं.

दुसरा कुणी असता तर हसला असता. पण मी या धंद्यातला माणूस. न बघता काही सांगत नाही. मी गर्दीतून वाट काढत धक्क्याच्या पार टोकाला गेलो, वाकून पलीकडे पाहिलं, आणि परत आलो.

“आहे,” मी म्हणालो.

“डोळ्यांनी बघितलंस?”

“बघितली. पुढपासून मागपर्यंत.”

“मगे परत येतलो,” ती म्हणाली, आणि पदराने तोंड पुसून हात हलवू लागली.