ऐंशी हजारांच्या अलीकडे

गॅरेज एक किलोमीटरवर आलं आणि आईने डॅशबोर्डवर थाप मारली. "थांब! एकोणऐंशी हजार नऊशे नव्व्याण्णव!"

मुलीने गाडी कडेला घेतली. बॉनेटच्या आत बाबांच्या अक्षरातली चिठ्ठी होती : 'टायमिंग बेल्ट ऐंशी हजारांच्या आत बदलणे. एक किलोमीटरही पुढे नाही.' बाबांना जाऊन चार महिने झाले होते. बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि इंजिनाचा निकाल लागतो, हे आईला ऐकून ऐकून पाठ झालं होतं. हल्ली संध्याकाळी ती म्हणायची, "जरा गाडी चालू करून ठेव गं," आणि स्वयंपाकघरात जाऊन पाठमोरी उभी राहायची. फाटकाशी इंजिन घुरघुरलं की बाबा आले, असं ते एवढ्या वर्षांचं होतं. तो आवाजही गेला, तर काय उरणार होतं?

"आई, एका किलोमीटरने काय बिघडतंय?"

"त्यांनी लिहिलंय ना? मग ढकल."

जन्मात गाडी न चालवलेली आई स्टिअरिंगवर बसली. मुलगी मागून ढकलू लागली. सायकलवरचा पोस्टमन थांबला.

"पेट्रोल संपलं का?"

"नाही, टाकी भरलेली आहे."

"मग बॅटरी?"

"नवीन आहे."

"मग संपलं काय?"

"किलोमीटर."

त्याने सायकल स्टँडवर लावली आणि निमूटपणे हात लावला.

"अगं, आकडा फिरला!" आतून आई ओरडली.

"फिरू दे! इंजिन बंद आहे, बेल्ट कुठे फिरतोय?"

एवढ्यात उतार लागला. गाडी दोघांच्या हातांतून अलगद सुटली आणि सकाळच्या धुक्यातून, होडीसारखी, आवाज न करता निघाली. मुलगी धावत ओरडत होती, "हँडब्रेक! आई, हँडब्रेक ओढ!" आईने मात्र काच खाली केली होती. तिचे केस उडत होते. गॅरेजच्या दारात तिने हँडब्रेक ओढला; गाडी थांबली ती मेकॅनिकच्या गुडघ्यापासून वीतभर अलीकडे.

धापा टाकत मुलगी पोचली, तेव्हा मेकॅनिक कव्हर उघडून बघत होता.

"काकू, बेल्ट तर नवाच आहे. काका दर वर्षी बदलून घ्यायचे आणि चिठ्ठीत नवा आकडा लिहायचे."

"दर वर्षी? कशाला?"

"मीही म्हणायचो, काका, हा अजून कितीतरी वर्षं जाईल. तर म्हणायचे, तू बदल रे, चार तास लागतात ना?" त्याने खिडकीखाली काढून ठेवलेल्या, कुठल्याशा जुन्या गाडीच्या मागच्या सीटकडे बोट दाखवलं. "आणि तिथे झोपायचे. म्हणायचे, घरी जरा डोळा लागला की कुणीतरी विचारतं, झोपलात का?"

"मी काळजीने विचारायचे," आई म्हणाली.

मेकॅनिक नटबोल्टांच्या डब्यात काहीतरी शोधू लागला.

आई त्या सीटपाशी गेली. मधोमध खोलगट झालं होतं. तिथे तिने तळवा ठेवला.

"बदला," ती म्हणाली.

"अहो काकू, पण..."

"चार तास लागतात ना? बदला."

चपला काढून ती आडवी झाली. मेकॅनिकने बेल्ट काढला, पुसला आणि तोच परत, होईल तितक्या सावकाश, बसवायला घेतला. ऊन आईच्या पायांवरून हळूहळू वर सरकलं. तिने डोळे मिटले होते.

मुलगी वाकून तिच्या कानाशी गेली. "आई, झो..."

मेकॅनिकने पाना ओठांवर ठेवला.