मोघम चालत नाही

सायमन साळवेला तुमची अडचण कधीही सांगू नका. पाया पडते, पण सांगू नका. तो ती देवाला सांगतो, आणि तेही माईकवरून.

आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या आवारात एक छोटं चॅपल आहे. रविवारी तिथे मिस्सा, म्हणजे आमची सामुदायिक उपासना, असते. आम्ही कॅथलिक मुलंमुली, दोन-चार सर आणि सातपूरच्या कॉलनीतली काही कुटुंबं, एवढीच मंडळी. मिस्सेत एक जण माईकवरून विनंत्या वाचतो आणि बाकीचे म्हणतात, "हे प्रभू, आमची प्रार्थना ऐक." इतर ठिकाणी जगाची शांती, पाऊसपाणी, आजारी माणसं असं म्हणून मोकळे होतात. आमच्याकडे हे काम सायमनकडे, कारण तो विद्यार्थी मंडळाचा सेक्रेटरी. आणि त्याचं म्हणणं एकच, "देवाला मोघम सांगून चालत नाही. त्याच्याकडे लय गर्दी असते. कोण, कुठला, काय झालंय, सगळं नीट सांगावं लागतं."

म्हणून मग भर मिस्सेत ऐकू येतं, "आमचा नेल्सन, थर्ड इयर सिव्हिल, याचा मॅथ्स पुन्हा राहिलाय. यावेळी तरी सुटावा." नेल्सनने हे सख्ख्या भावालाही सांगितलेलं नव्हतं! डिसोझा सरांच्या मूळव्याधीसाठीही प्रार्थना झाली. सर ती मिस्सा संपेपर्यंत उभेच राहिले, फादरांना खोकल्याची उबळ आली, आणि हा शांतपणे पुढची विनंती सांगत होता.

बरं, टाळावं तर टाळता येत नाही. कॅन्टीनमध्ये वडापावचा घास तोंडात असताना हा समोर हजर. "तुझं काही आहे का? रविवार आलाय." शनिवारी आम्ही जवळच्या वस्तीतल्या मुलांना गणित शिकवायला जातो, तिथेही हा मुलांच्या आयांना तेच विचारतो. त्या बिचाऱ्या कौतुकाने सांगत बसतात. त्यांना माईकचं कुठे माहीत!

माझं काय झालं ते ऐका. मेकॅनिकलच्या रोहनशी माझं भांडण झालं होतं. मी मूर्खासारखी सायमनजवळ रडले. पुढच्या रविवारी हा माईकवर, "आमची प्रिस्का आणि मेकॅनिकलचा रोहन देशमुख यांच्यातला अबोला मिटावा, त्यांचं प्रेम टिकावं."

माझी आई तिसऱ्या बाकावर होती. तिला रोहन नावाचा मुलगा जगात आहे हेच ठाऊक नव्हतं. तरी सवयीने तीही म्हणाली, "हे प्रभू, आमची प्रार्थना ऐक," आणि मग हळूच वळून माझ्याकडे बघितलं.

"तुझ्या जिभेला काही हाड आहे का रे?" मी बाहेर त्याच्यावर खेकसले.

"पण रोहन बोलायला लागला ना?"

"लागला! आता आई बोलत नाही!"

"मग आईचं घेऊ का पुढच्या रविवारी?"

हात जोडले मी. महिनाभर त्याच्याशी बोलले नाही.

मग एका रविवारी हा चुरगळलेल्या शर्टात, लाल डोळ्यांनी आला. सगळ्यांच्या विनंत्या वाचल्या आणि थर्मास उचलून मागच्या दाराने निघाला. मी आडवी गेले. "आज कुणाची अब्रू काढायला निघालास?"

"आईला अॅडमिट केलंय. पुढच्या सोमवारी हृदयाचं ऑपरेशन आहे."

"अरे, मग आत्ता माईकवर का नाही सांगितलंस?"

"स्वतःच्या घरचं स्वतः कसं सांगायचं? कोणी विचारलं तर सांगायचं." थर्मासचं झाकण उगीचच घट्ट करत तो म्हणाला, "मला कोणी विचारलं नाही."

मला त्याचा इतका राग आला, आणि त्याहून आमचा सगळ्यांचा.

पुढच्या रविवारी तो उठायच्या आत मीच माईकपाशी गेले. "सायमनच्या आईसाठी प्रार्थना करू या," म्हणाले आणि थांबले. सायमन माझ्याकडे बघत होता. हे मोघम झालं होतं.

"त्यांचं नाव मार्था साळवे. घोटीला भाताच्या गिरणीत कामाला आहेत. उद्या त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन आहे. सायमनला त्यांच्याशिवाय कोणी नाही. तो रोज दवाखान्यातून येतो, आपल्या अडचणी विचारतो आणि परत जातो. त्याला फार भीती वाटतेय, आणि ते त्याने कुणालाच सांगितलेलं नाही."

"हे प्रभू, आमची प्रार्थना ऐक." सगळे म्हणाले. एरवी सायमन सगळ्यांचं म्हणून झाल्यावरही 'ऐक' लांबवत बसतो मेला, पण आज त्याचा आवाज आला नाही. तो दोन्ही हातांनी तोंड झाकून बसला होता.

मिस्सा संपली तेव्हा माझ्याशी न बोलणारी माझी आई त्याच्या शेजारी जाऊन बसली होती.

"कुठला दवाखाना? कितवा मजला?" ती विचारत होती. "नीट सांग, मोघम नको. उद्या सकाळपासून मी तिथे बसणार आहे."