बेचाळीस नंबरची सही

तुम्हीच केलंत हे. बंद खोलीत बसून, चहाचे कप रिचवत, 'प्रत्येक विद्यार्थ्याने एक वाचन-जोडीदार निवडावा' असा नियम ज्यांनी लिहिला आणि वर्गातली डोकी मोजायचे कष्ट घेतले नाहीत, ते तुम्ही. डोकी एक्केचाळीस होती. एक्केचाळिसाला दोनाने भागलं की एक उरतो, हे दुसरीतलं पोरही सांगेल. तुम्हाला विद्यापीठ चालवता येतं, भागाकार तेवढा येत नाही.

उरला तो लिफ्टवाला.

बावीस वर्षं तो याच इमारतीची लिफ्ट दुरुस्त करत होता. प्राध्यापक, पोरंपोरी, पाहुणे, सगळे त्याच्या जिवावर वर जायचे आणि तो गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत, ग्रीसच्या वासात, एकटा डबा खायचा. त्याची पदवी एका विषयापायी अडकली होती: इंग्रजीतून अभ्यासाचं वाचन आणि लेखन. दोनदा नापास झाला होता. ही तिसरी आणि शेवटची खेप. आता गटांगळी खाल्ली की नाव कायमचं कापणार होते.

पहिल्या दिवशी तो वर्गात शिरला तशी पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "काका, ती कोपऱ्यातली ट्यूब गेलीय बघा."

त्याने आधी ट्यूब बदलली. मग शेवटच्या बाकावर जाऊन बसला.

बाईंनी नियम वाचून दाखवला. प्रत्येक निबंध आधी जोडीदाराने वाचायचा, खाली अभिप्राय लिहून सही करायची, मगच तो बाईंकडे यायचा. भीड पडू नये म्हणून कागदावर नाव नाही, फक्त नंबर. "लावा जोड्या!" बाई म्हणाल्या. बाक करकरले आणि मिनिटभरात वीस जोड्या लागल्या. शेवटच्या बाकावर तो आणि त्याची हत्यारांची पिशवी.

"तुमचा जोडीदार?"

"येईल ना," तो बोलून गेला. लोखंडी दोर ओढणारे हात त्याचे, पण 'माझं कुणी नाही' एवढे तीन शब्द काही उचलवले नाहीत.

ऑफिसातल्या कारकुनाने फॉर्म परत ढकलला. "जोडीदाराचा नंबर?"

"भाऊसाहेब, माझ्यासाठी कुणी उरलंच नाही."

"मला कशाला सांगता? रकाना मोकळा राहिला की कॉम्प्युटर पुढे सरकत नाही."

लिफ्टवाल्याचा नंबर एक्केचाळीस. त्याने रकान्यात बेचाळीस लिहिलं. कारकुनाने यादी पाहिली, डोकं खाजवलं. "नवीन प्रवेश दिसतोय. नोकरीवाला आहे का? मग हजेरी माफ." आणि यादीत एक ओळ वाढवली. माणूस जन्माला घालायला नऊ महिने लागतात म्हणे. इथे नऊ सेकंद लागले.

पहिला निबंध त्याने मशीनच्या खोलीत बसून लिहिला. शब्दकोशातले सगळ्यात जड शब्द निवडून एकावर एक रचले. मग पेन बदललं, हिरवी शाई घेतली आणि बेचाळीस होऊन डाव्या हाताने अभिप्राय लिहायला बसला. आणि नवल झालं. बावीस वर्षं तो लिफ्टचे तपासणी अहवाल इंग्रजीत भरत आला होता: काय बिघडलं, कशावरून, उपाय काय. हिरवी शाई तशीच सुटली. 'क्षमतेपेक्षा जास्त वजन. वाक्य जागचं हलत नाही. मुद्दा कुठल्या मजल्यावर आहे ते कळत नाही. पुरावा शून्य. उपाय: निम्मे शब्द खाली उतरवा.'

बाई खूश झाल्या. त्याच्यावर नाही. "निबंध तुमचा जेमतेम आहे हो. पण जोडीदार! चार ओळींत दुखणं पकडलं. शिका त्यांच्याकडून. आणि त्यांचा निबंध कुठंय?"

झालं! आता बेचाळीसचेही निबंध आले. दुपारच्या सुट्टीत उजव्या हाताने एक, डाव्या हाताने एक. एक्केचाळीसला दहात तीन मिळायचे, बेचाळीसला आठ. बेचाळीसला गमावायचं काही नव्हतं, त्यामुळे तो ठणकावून लिहायचा. एक्केचाळीस दर ओळीला घाबरायचा. बेचाळीसच्या निबंधावर अभिप्राय द्यायचं कामही त्याच्याकडेच होतं. एकदा त्याने जळून लिहिलं, 'फार शहाणपणा करतो.' पुढच्या आठवड्यात हिरव्या शाईत उत्तर आलं, 'पुरावा द्या.'

आठवड्यातून एकदा दूरच्या गावाहून ताईचा फोन यायचा. तिचा प्रश्न ठरलेला. "कुणाशी बोलतोस की नाही रे? का नुसता त्या यंत्राशी?"

"मित्र झालाय एक," या वेळी तो म्हणाला. "वर्गातला. माझं लिहिलेलं सगळं वाचतो. अगदी शेवटच्या ओळीपर्यंत."

फोनवर नाक ओढल्याचा आवाज आला. "त्याला जप हो. तुझं काय, कुणी जवळ आलं की तू जिना धरतोस!"

महिन्याभराने पार्सल आलं. दोन मफलर. चिठ्ठीत लिहिलं होतं, 'राखाडी तुला, हिरवा तुझ्या दोस्ताला.' त्याने हिरवा मफलर खिळ्याला टांगला. जेवताना समोर कुणीतरी असल्यासारखं वाटू लागलं.

शेवटच्या निबंधाला त्याने शब्दकोश उघडलाच नाही. बेचाळीस लिहितो तसं लिहिलं: मुद्दा आधी, पुरावा मागून, विरोधकाचं म्हणणं ऐकून घेऊन त्याला उत्तर. पहिल्यांदाच उजवा हात घाबरला नाही. हिरव्या शाईला त्यात खोट सापडली नाही. तिने फक्त लिहिलं, 'चालू स्थितीत. सुरक्षित.'

चार दिवसांनी बाईंनी बोलावलं. चेहरा पडलेला. "तुमचा निबंध आणि बेचाळीसचा. तीच मांडणी, तीच धाटणी. चोरी केलीत तुम्ही. मला वाईट वाटतं, पण नाव कापलं जाणार."

"बाई, बेचाळीस मीच आहे."

"पकडलेला प्रत्येक जण असंच काहीतरी सांगतो. पुरावा?"

त्याने डाव्या हाताने, हिरव्या शाईत, तिथल्या तिथे चार ओळी लिहून दाखवल्या. बाईंनी मान हलवली. "म्हणजे त्यांचं अक्षरसुद्धा चोरलंत."

कारकुनाने अपिलाचा फॉर्म दिला. "जोडीदाराचं निवेदन जोडा, नाहीतर घेणार नाहीत."

"अहो, तो नाहीच आहे!"

"मग तसं त्यांच्याकडून लिहून आणा."

त्याने आणलं. दोन दिवस खपून बेचाळीसने स्वतःच्या नसण्याचा निबंध लिहिला. हजेरी एकदाही नाही. फोटो नाही. प्रवेशाची पावती नाही. वर्गातल्या एकानेही कधी पाहिलेलं नाही. सबब मी अस्तित्वात नाही, आणि माझ्या नावावरचा प्रत्येक शब्द एक्केचाळीसचा आहे. इतकं नेटकं इंग्रजी त्या इमारतीत कुणी लिहिलं नव्हतं, बाईंनीसुद्धा नाही.

समितीने ते वाचलं आणि समिती गहिवरली. निर्णय असा आला: 'मित्राला वाचवण्यासाठी स्वतःचं अस्तित्व नाकारणाऱ्या बेचाळीस क्रमांकाच्या विद्यार्थ्याचं कौतुक करावं तेवढं थोडं. त्यांना विशेष प्रावीण्यासह उत्तीर्ण करण्यात येत आहे. तसंच पुढील वर्षापासून कच्च्या विद्यार्थ्यांचे मार्गदर्शक म्हणून त्यांना नेमण्यात येत आहे. एक्केचाळीस यांचं नाव कमी करण्यात येत आहे.' नेमणुकीचं पत्र बेचाळीसना पोचवायचं कामही एक्केचाळीसलाच दिलं.

तो पत्र घेऊन वर गेला. समोर खिळ्याला हिरवा मफलर. डबा उघडला, तसाच बंद केला. त्या संध्याकाळी ताईचा फोन आला. "दोस्त पास झाला ना रे?"

"झाला," तो म्हणाला. "पहिल्या झटक्यात."

"बघ! म्हटलं नव्हतं मी? आणि तू?"

"मी... लिफ्ट अडकलीय ताई, ठेवतो."

लिफ्ट कुठेही अडकली नव्हती. त्याने समितीचा निर्णय मांडीवर घेतला, पेन डाव्या हातात धरलं आणि समासात हिरव्या शाईने लिहिलं: 'मुद्दा चुकला. पुरावा समोर असून वाचलेला दिसत नाही. उपाय: पुन्हा लिहा.' खाली सही केली, बेचाळीस, आणि कागद समितीच्या पेटीत टाकला.

तो कागद पेटीत पडून तीन महिने झाले, उत्तर आलेलं नाही. म्हणून आता मी विचारतो, नियम लिहिणाऱ्यांनो. वर्गात चाळीस जण होते, समोर बाई होत्या, वर तुम्ही होतात. अख्ख्या वर्षात शेवटच्या बाकावर कोण बसलंय हे तुमच्यातल्या एकाने तरी मान वळवून पाहिलं का? जो नव्हता त्याला पास केलंत. जो होता तो कुठे गेला? उत्तर लेखी पाहिजे. आणि खाली, तुम्ही लिहिलेलं शेवटच्या ओळीपर्यंत वाचणाऱ्या जोडीदाराची सही. असला कुणी, तर.