आमच्या पडवीतलं बायझंटियम

परकार सर आमच्या घरची बेल कधीच वाजवत नाहीत. संध्याकाळी गेटाबाहेर छत्री टेकून उभे राहतात आणि वर्गात हजेरी घ्यावी तशा खणखणीत आवाजात विचारतात, "बॅसिलिअसांचा दरबार भरलाय का?" आतून माझे ऐंशी पार केलेले वडील ओरडतात, "भरलाय! सोडा त्यांना आत!" सोडणारा मी. ऑफिसातून दमून आलेला, तोंडसुद्धा न धुतलेला मी उठायचं आणि कडी काढायची.

बॅसिलिअस म्हणजे बायझंटाइन, म्हणजे जुन्या पूर्व रोमन साम्राज्याचा सम्राट. रत्नागिरीत सरकारी कचेरीत कारकुनी करणाऱ्या माणसाला हे कळायचं काहीएक कारण नव्हतं. पण शेजारी परकार सर असले की कळतं. सर इथल्याच एका कॉलेजात इतिहास शिकवायचे. मध्ययुगीन युरोप आणि बायझंटाइन समाज हा त्यांचा पेपर. पुढे मुलं मिळेनात म्हणून पेपर बंद झाला, सर निवृत्त झाले, आणि त्या पेपरातल्या सगळ्या संज्ञा बाडबिस्तरा घेऊन आमच्या गल्लीत राहायला आल्या.

"आधी संज्ञा, मग चर्चा," हे त्यांचं पालुपद. समोरच्यांचा माड त्यांच्या आवारात वाकला, तर सर शांतपणे सांगणार, "तुमचा माड माझ्या डिमेनमध्ये आलाय." डिमेन म्हणजे धन्याने स्वतःसाठी राखलेली खासगी जमीन. समोरचे बिचारे घाबरून माड तोडायला निघाले होते. गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून एकाला काढलं, तर सर म्हणाले, "हे एक्सकम्युनिकेशन झालं. आपल्याकडे वाळीत टाकणं म्हणतात. पोपची परवानगी घेतलीत का?" मासे विकायला येणाऱ्या रुक्सानाला त्यांनी मच्छीवाल्यांच्या गिल्डची प्रमुख करून टाकलंय. गिल्ड म्हणजे एका धंद्यातल्या लोकांची संघटना, हे तिला उन्हात उभं करून समजावलंसुद्धा. ती बाई त्यांच्या पिशवीत एक बांगडा जास्तीचा टाकते. मी तिच्याकडून इतकी वर्षं मासळी घेतोय, मला कधी कोळंबीची शेपटीदेखील जास्त मिळाली नाही.

हे सगळं मी चालवून घेतलं असतं हो. पण त्यांनी माझा बाप पळवला.

झालं असं की आप्पा लांज्याजवळच्या आमच्या गावी एकटेच राहायचे. पाय घसरून पडले, खुबा मोडला, मग मी त्यांना इथे आणलं. पडवीत आरामखुर्ची टाकून दिली. पण आप्पा बोलेनात. मी टीव्ही घेतला, भजनं लावून दिली, आंब्याचा विषय काढला. "हं" म्हणायचे आणि भिंतीकडे बघायचे. मी रोज ऑफिसातून येऊन समोर बसायचो आणि दोन वाक्यांत आमचं बोलणं आटपायचं. बाप-लेकात इतकंच बोलणं असतं, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

मग एक दिवस परकार सर तब्येत विचारायला आले आणि बोलता बोलता 'सर्फ' या संज्ञेवर घसरले. सर्फ म्हणजे जमिनीला बांधलेला शेतकरी. धन्याच्या शेतात राबायचं आणि उरलेल्या वेळात आपलं बघायचं.

आप्पा खुर्चीत ताठ झाले. "म्हंजे आमचा आजा! खोताकडं तसाच राबलान तो."

"अगदी बरोबर," सर म्हणाले. "पण बायझंटियमची गंमत वेगळी, आप्पा. तिथे शेतकऱ्याचा पोर सम्राट झाल्याची उदाहरणं आहेत."

"काय सांगतास!"

"मग! उठा, आजपासून तुम्ही बॅसिलिअस."

आप्पा हसले. तोंडात दात नसलेले माझे वडील पोट धरून हसले, आणि मी स्वयंपाकघराच्या दारात चहाचा कप घेऊन उभा. जीव असा जळला म्हणून सांगू! इतके महिने मी काय कमी केलं होतं?

त्या दिवसापासून घराचं साम्राज्य झालं. माझी बायको ऑगुस्टा, म्हणजे सम्राज्ञी. तिला ते इतकं आवडलं की सरांच्या चहात वेलची पडायला लागली. मला सरांनी 'लोगोथेट' केलं. मी उत्सुकतेने अर्थ विचारला. "सरकारी हिशेब बघणारा अधिकारी," सर म्हणाले. आप्पांनी मान डोलावली, "बरोबर हाय. आमचा विज्या कारकूनच." रक्तदाबाची गोळी माझ्या हातून घेताना आप्पा तोंड फिरवायचे. तीच गोळी सर तळहातावर धरून म्हणायचे, "पॅट्रिआर्कांनी, म्हणजे आपल्या धर्मगुरूंनी पाठवलीय," आणि आप्पा गटकन गिळायचे.

शेवटी मीही हट्टाला पेटलो. ऑफिसात फायलींच्या आड मोबाइल धरून बायझंटाइन पदव्या पाठ करायला लागलो. साहेबांनी विचारलं तर विभागीय परीक्षेचा अभ्यास म्हणून सांगितलं. आणि एका रविवारी, सर यायच्या आत, आप्पांसमोर उभा राहून कमरेत वाकलो. "आप्पा, तुम्ही साक्षात सीझर!"

आप्पांचा चेहरा पडला. "सीझर बादशाच्या खालचा असतो. सरांनी परवाच सांगितलंनी. मला खाली उतरवलंस तू?"

"अहो, मला वाटलं..."

"पोटचा पोर आणि बापाला खाली उतरवतोय," असं म्हणून जे रुसले ते दुपारचं जेवलेच नाहीत. संध्याकाळी सरांनी येऊन त्यांना पुन्हा गादीवर बसवलं. वर मला समजावलं, "विजयराव, चूक तुमची नाही. रोममध्ये सीझर मोठाच. इथे मात्र आधी संज्ञा पक्की करायला हवी होती." दात-ओठ खाऊन मी कप विसळायला आत गेलो.

आणि मग मागच्या महिन्यात सर यायचे बंद झाले.

पहिल्या दिवशी मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. खुर्ची ओढून आप्पांसमोर बसलो, पण विषय सापडेना. आप्पा सारखे म्हणायचे, "गेटावर कोण हाय बघ." कोणी नसायचं. मग त्यांनी भाताचं ताट बाजूला सारायला सुरुवात केली आणि पुन्हा भिंतीकडे बघायला लागले. बायको म्हणाली, "आता तुमचा मान गुंडाळून ठेवा आणि जाऊन बघा."

गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. सर तापाने फणफणून पलंगावर पडले होते. बायको वारून बरीच वर्षं झाली, मुलगी आखातात, दोहाला. उशाशी अर्धा खाल्लेला बिस्किटाचा पुडा. मला बघून उठायला लागले. "दरबाराला गैरहजर राहिलो, माफी असावी."

मला काय झालं कोण जाणे, तिथेच भडकलो. "आप्पा जेवत नाहीयेत तुमच्यावाचून. झालं समाधान?"

सर उशीला टेकून बसले. मग म्हणाले, "विजयराव, मला तुमचा फार हेवा वाटतो."

"माझा?"

"मला तुमच्या घरी यायला रोज एक नवी संज्ञा लागते. दुपारभर शोधत बसतो. संपल्या तर कुठल्या निमित्ताने येऊ, ही धास्ती असते. तुम्ही चपला काढता आणि आत जाता. त्यांच्यावर रागावतासुद्धा."

मी मोबाइल काढला. डॉक्टरांना फोन लावला, औषध आणून दिलं आणि घरी येऊन आप्पांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "काठी दे."

"बॅसिलिअस असे कुणाच्या घरी जात नसतात," मी कुजकटपणे म्हटलं.

"गप रे मेल्या. पेज घे डब्यात."

इथे आल्यापासून आप्पांनी गेट ओलांडलं नव्हतं. माझ्या खांद्यावर सगळा भार टाकून, दर पावलाला कण्हत ते गेले. पलंगाच्या कडेला टेकले. सरांनी तोंड उघडलं, बहुधा एखादी संज्ञा येत होती. आप्पांनी हातानेच थांबवलं.

"तुझं नाव काय रे?"

सर गोंधळले. "इब्राहिम."

"घरात काय म्हणायचे?"

सर छताकडे बघत राहिले.  "इब्बू," ते म्हणाले.

"इब्बू, आ कर."

सरांनी आ केला. आप्पांनी चमचा पुढे केला, निम्मी पेज सरांच्या हनुवटीवर ओघळली. ती त्यांनी खांद्यावरच्या पंच्याने पुसली आणि दुसरा चमचा भरला. मला आप्पांनी असं भरवलेलं आठवत नाही. भरवलं असणार, पण आठवत नाही. तिथे उभ्या उभ्या पुन्हा एकदा जीव जळला, खोटं कशाला बोलू? पण आप्पांचा हात पुरत नव्हता, म्हणून मी डबा दोघांच्या मध्ये धरून उभा राहिलो.