लिंबाजीमामा आणि कंपनीनं सोडलेली चिप

साखऱ्यात लिंबाजीमामांच्या घरी चपला घालून आत गेलं तरी चालतं, मोबाईल मात्र ओट्यावरच्या टोपलीत ठेवावा लागतो. सरपंच असो की सोयरा, फोन टोपलीत. काहून म्हणून कोणी विचारलंच तर मामा म्हणतात, "आत लॅपटॉप हाय. त्याला नेटचा वास लागता कामा न्हाई."

गाव हसतं. मी हसत नाही, कारण हा नियम माझ्यामुळे झाला.

मी इथल्या जिल्हा परिषद शाळेची मुख्याध्यापिका आणि मामांची शेजारीण. मामा तीस वर्षं वीजखात्यात वायरमन होते. निवृत्त झाले आणि त्यांनी तारेचं नावच टाकलं. "वायर म्हंजे भांडण, म्याडम. उंदीर कुरतडतो, वानर लोंबकळतं, शेजारी कापून नेतो. बिनतारीला कोण हात लावील?" मग मोबाईलवरचे व्हिडिओ पाहून पाहून त्यांनी एक नखाएवढी चिप आपलीशी केली. तिच्यातच छोटा संगणक, तिच्यातच रेडिओ. अशी एक चिप साबणाच्या डबीत घालून विहिरीवरच्या स्टार्टरजवळ बसवायची, दुसरी घरी. विहिरीवर थ्री-फेज लाईट आली की घरातला दिवा लागतो. नुसती लाईट आली का पाहायला दोन किलोमीटर चालायला नको. गावातल्या वीस विहिरींवर मामांचे डबे आहेत.

त्यांना ते डबे म्हणत असले तरी वागवतात माणसांसारखे. डब्याला मालकाचं नाव. "किसन दोन दिसापासून कुरकुर करून राहिलाय," असं मामा म्हणाले की खरा किसन घाबरतो. बिघडलेला डबा आला की आधी कानाला लावतात. मी एकदा विचारलं, "मामा, त्याला आवाज कुठे असतो?" तर म्हणाले, "नसतो ना. पण इचारायला काय जातं?"

गेल्या वर्षी कंपनीची ईमेल आली. इंग्रजी असल्यामुळे मामांनी मला बोलावलं. मी वाचून सांगितलं: या चिपमध्ये कामाच्या सूचना भरायचं सॉफ्टवेअर कंपनी देत होती, ते आता या चिपपुरतं बंद. यापुढे त्यात सुधारणा नाही, चुकीची दुरुस्ती नाही. ग्राहकांनी नवीन चिप वापरावी.

मामा म्हणाले, "म्हंजे लेकरू कंपनीचंच. पण बिमार पडलं तर आमच्या दारात आणू नका, असंच ना?"

"तसंच."

"लिहा."

मी लिहिलं. मराठीत त्यांनी सांगितलं, इंग्रजीत मी घातलं. 'साखऱ्यात वीस विहिरी तुमच्या भरवशावर आहेत' हे वाक्य त्यांनी दोनदा घालायला लावलं. पाच मिनिटांत उत्तर आलं: संपर्क साधल्याबद्दल आभार, आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. मामांना ते फार आवडलं. "आभार मानले. माणसं वाईट न्हाईत."

मी त्यांना वेळापत्रक करून दिलं. दर महिन्याला चार विहिरी, पाच महिन्यांत सगळे डबे नव्या चिपचे. मामांनी कागद हातात घेतला, उलटा करून मागचीही बाजू पाहिली. "चालत्या माणसाला कोणी रिटायर करतं का म्याडम?"

"तुम्हाला केलंच की."

त्यानंतर दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

मामांचं म्हणणं सरळ होतं. कंपनीनं बंद केलं तर करू द्या, जुनं सॉफ्टवेअर आपल्या लॅपटॉपात आहे. डबा बिघडला की त्यातून भरू. म्हणून त्यांनी लॅपटॉप धुतलेल्या धोतरात गुंडाळून कपाटात ठेवला. नेटशी त्याचा संबंध कधी येऊ द्यायचा नाही, हे त्यांनी मनात ठरवलं होतं. मला सांगितलं नव्हतं.

आणि त्या शुक्रवारी शाळेचा संगणक बंद पडला. ऑनलाईन माहिती भरायचा शेवटचा दिवस. मामा सेनगावला गेलेले. त्यांची किल्ली माझ्याकडेच असते आणि "लॅपटॉप तुमचाच समजा" हे त्यांचं नेहमीचं. मी धोतर सोडलं, माझ्या मोबाईलवरून नेट जोडलं, वीस मिनिटांत माहिती भरली. कोपऱ्यात एक सूचना आली होती: नवीन आवृत्ती उपलब्ध आहे, घ्यायची का? दुसऱ्याच्या घरातला पसारा दिसला तरी माझे हात थांबत नाहीत. मी 'होय' दाबलं. वर धोतराची घडीही नीट घातली.

संध्याकाळी मामांनी लॅपटॉप उघडला. चिपच्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत चालणाऱ्या चिपांची लांबलचक यादी होती. मामांचं बोट वरून खाली गेलं, पुन्हा खालून वर आलं. त्यांच्या चिपचं नाव यादीत नव्हतं.

मी काय केलं ते सांगितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त टेबलावर उघड्या पडलेल्या एका डब्याकडे पाहिलं. तो दुरुस्तीला आला होता, त्यातल्या जुन्या सूचना पुसून झाल्या होत्या आणि नव्या भरायच्या राहिल्या होत्या.

"बाकीचे वीस चालू आहेत ना?" मी म्हणाले. "हा एकच तर आहे."

"व्हय," मामा म्हणाले. "एकच हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घ्यायला बाहेर आले तर मामा काठी घेऊन शिवाराकडे निघालेले. तिसऱ्या दिवशीही. आठवडाभर. गुडघे दुखतात म्हणून देवळापर्यंत न जाणारा माणूस. शेवटी मी वाटेत गाठलंच. "मामा, तो एकविसावा डबा कोणाच्या विहिरीवरचा?"

"विहिरीवरचा न्हाई. आक्काचा."

गयाआक्का मामांची थोरली बहीण. नवरा गेल्यावरही आखाडा, म्हणजे शेतातलं घर, सोडायला तयार नाही. आणि कानांनी पार ठार. फोन वाजला तरी कळत नाही, उचलला तरी ऐकू येत नाही. म्हणून मामांनी दोघांकडे एकेक डबा ठेवला होता. वर एक बटन, एक दिवा. आक्का सकाळी उठली की बटन दाबायची, मामांच्या स्वयंपाकघरात दिवा लागायचा. मामा दाबायचे, तिकडे लागायचा. मग दोघं आपापल्या चुलीवर चहा ठेवायचे.

"दिवा न्हाई दिसला तर चहा गिळत न्हाई हो," मामा म्हणाले. "म्हणून जातो. पाहून येतो."

मी घरी येऊन वही काढली आणि ही चिप ज्यांनी वापरली असेल अशा अकरा जणांची नावं लिहिली. आठ जणांनी नाही म्हटलं. नववे वसमतच्या एका महाविद्यालयातले शिक्षक. त्यांच्या प्रयोगशाळेत एक जुना संगणक धूळ खात होता, त्यात ते जुनं सॉफ्टवेअर जसंच्या तसं होतं. रविवारी एसटीने जाऊन मी ते पेन ड्राईव्हवर आणलं. मामांनी लॅपटॉपात चढवलं, दार लावून घेतलं आणि डबा भरला. बटन दाबलं. दिवा लागला. त्याच दिवशी ओट्यावर टोपली आली.

सोमवारी शाळेआधी मामांनी घरचं बटन दाबलं आणि आम्ही दोघं आक्काचा डबा घेऊन आखाड्यावर गेलो. आक्का तुरीच्या काड्या मोडत बसली होती. मामांना पाहून तिचा चेहरा फुलला, हातातला डबा दिसला तसा विझला.

"बसवतो का हे?" ऐकू न येणारी माणसं बोलतात तशी ती मोठ्यानं म्हणाली. "बसव. बसव बाबा. म्हंजे तुझं येनं बंद."

मामा उभेच राहिले. मग त्यांनी डबा उजव्या हातात वर धरला, डाव्या हाताने जोरजोरात नकाराची खूण केली आणि आखाडा हादरेल असं ओरडले, "चालत न्हाई हे! कंपनीनं बंद केलं!"

त्यांच्या हातात डब्यावरचा हिरवा दिवा स्वच्छ जळत होता.

आक्काला ऐकू येत नव्हतं, पण ओठांवरचं कळत होतं आणि दिसत तर होतंच. तिनं दिव्याकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं. "मुडदा बशिवला त्या कंपनीचा," ती म्हणाली, आणि चुलीवर तिघांचा चहा ठेवला.