नाहीतरची सोय

आमच्या शेजारच्या देवघरेकाकांना चहा घेता का, असं विचारायची सोय नाही. "गोड असन तं अर्धा, फिका असन तं पुरा, लिंबाचा असन तं मले नोको," आणि मग बोट वर करून, "नाहीतर पाणी!" इतक्या अटींवर बालाघाटचा कलेक्टरही चहा पीत नसेल.

काका कॉलेजात गणित शिकवायचे. निवृत्तीनंतर एका किचकट कॉम्प्युटर प्रोग्रामवर लग्नपत्रिका तयार करू लागले. त्यासाठी त्यांनी एक मॅक्रो, म्हणजे छोटीशी आज्ञा, लिहिली आहे. नावाला आकडा द्यायचा. शून्याला मशीन चि. छापतं, एकला सौ., दोनला श्री., तीनला कै. भलताच आकडा पडला तर नुसतं नाव. "शेवटी नाहीतर लिहाच लागते," हे काकांचं ब्रह्मवाक्य. त्यावर शालिनीकाकू हसायच्या. "यायले इचारा, अंतरपाटाआड मी नसती तं नाहीतर कोन?" काका तेवढ्यापुरता चष्मा पुसायला घ्यायचे. काकू गेल्या वर्षी गेल्या.

मध्यंतरी लांजीच्या एका घराने आकडे स्वतःच भरून पाठवले, तेही एकपासून मोजून. बालाघाट पडलं मध्य प्रदेशात, गल्लीतली पोरं हिंदीत भांडणारी, म्हणून मराठी प्रूफं मी वाचते. पण तेव्हा मी नेमकी माहेरी होते. नवरदेव सौ. झाला आणि त्याचा मामा कै. मामा मोटरसायकलवरून थेट काकांच्या दारात!

"मी काय भूत होऊन गाडी चालवून राह्यलो?"

"मामाजी, मशीन शून्यापासून मोजते. फरक एकाचाच हाय."

"तो एक म्हणजे माहा जीव हाय ना, मास्तर!"

परवा काकांच्या लेकीची, मेघाची लग्नपत्रिका वाचायला आली. गोंदियाचे व्याही वाट पाहत होते, संध्याकाळी छापायला द्यायची होती. 'श्री. मनोहर व सौ. शालिनी देवघरे यांची कन्या' वाचून मी अडखळले.

"काका, काकूंचा आकडा चुकला. एक पडलाय, तीन पाहिजे."

"नाही चुकला."

"व्याही काय म्हणतील?"

"म्हनू दे." काका चष्मा पुसत राहिले. "साऱ्या गोष्टीले नाहीतर ठेवला, पोरी. तिच्यासाठी ठेवाच नाही वाटला."

मी पत्रिका तशीच बाजूला ठेवली आणि काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "काका, चहा टाकू?"

"हौ," काका म्हणाले. एवढंच.